ई-कचरा केंद्रातील कामगारांसाठी ठळक दिसणारे सुरक्षा कपडे कसे निवडावेत

ई-कचरा सुटा करणाऱ्या बहुतेक केंद्रांत सुरक्षा कपड्यांची खरेदी उलट्या क्रमाने होते. आधी माणसे मोजली जातात, मग तेवढी पिवळी ‘रेडियम’ जाकिटे एकगठ्ठा मागवली जातात आणि गेटवरच्या हमालापासून श्रेडरच्या (मालाचे तुकडे करणाऱ्या यंत्राच्या) ऑपरेटरपर्यंत सर्वांना एकच जाकीट दिले जाते. परिणाम असा होतो की, जिथे कामगार वाहनचालकाच्या नजरेस पडणे अत्यावश्यक असते तिथे जाकीट अपुरे ठरते, आणि जिथे ते यंत्राच्या फिरत्या पट्ट्यात अडकू शकते, आगीने वितळू शकते किंवा शिशाची धूळ साठवून ठेवू शकते, नेमके तिथे ते अंगावर असते. तळोजा, अंबरनाथ, चाकण, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींत लहान-मध्यम केंद्रे चालवणारे मालक आणि तेथील सुपरवायझर यांच्यासाठी खालील टप्पे लिहिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये. रंग आणि दर हे विषय चौथ्या टप्प्याच्या आधी काढूच नयेत.

टप्पा १ : कोण कोणाला दिसायला हवे, याची नोंद करा

शेडचा साधा नकाशा कागदावर काढा. त्यावर वजनकाटा, माल उतरवण्याची जागा, पॅलेट रचण्याची जागा, तोडणीची टेबले, जुन्या टीव्ही-मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबचा कक्ष, श्रेडर व कन्व्हेयर (माल वाहणारा सरकता पट्टा), बॅटऱ्यांची साठवण आणि मालाचा बाहेर जाण्याचा मार्ग दाखवा. आता फोर्कलिफ्ट, हँड पॅलेट ट्रक, टेम्पो आणि ट्रक यांच्या वाटा लाल पेनाने, तर पायी चालणाऱ्यांच्या वाटा निळ्या पेनाने रेखाटा. लाल आणि निळ्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात, त्या जागांसाठीच ठळक दिसणारे कपडे घ्यायचे असतात.

ही नोंद एका पाळीत करून भागत नाही. दुपारी शटरमधून ऊन आत येते तेव्हा, रात्रपाळीत आणि पावसाळ्याच्या अंधारलेल्या दिवशी, अशा तिन्ही वेळी पाहणी करा. उन्हातून थेट शेडमध्ये शिरणाऱ्या फोर्कलिफ्टच्या चालकाला पहिले काही क्षण आतले काहीच नीट दिसत नाही, त्यामुळे दारालगतची जागा सर्वांत धोक्याची समजावी. चालकाच्या आसनावर स्वतः बसून पाहा. समोरचा मास्ट (माल उचलणारा उभा सांगाडा) आणि उचललेला माल यांच्या मागे किती भाग झाकला जातो, हे कागदावरच्या नकाशात कधीच कळत नाही.

पाहणीत ठेकेदाराची माणसे, ट्रकचे क्लीनर आणि बाहेरचे हमाल यांनाही धरा. गाडीच्या मागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा माणूस बहुधा केंद्राच्या हजेरीपटावर नसतो, आणि म्हणून जाकिटांच्या मोजणीतही येत नाही.

इशारा : पॅलेटच्या रांगेआड खाली बसून काम करणारा कामगार कितीही भडक कपड्यांत असला तरी चालकाला दिसत नाही. अशी जागा आढळल्यास आधी वाहनाची वाट बदला किंवा कठडा लावा. कपड्यांचा विचार त्यानंतर करावा.

टप्पा २ : कामाचे विभाग पाडा आणि प्रत्येकाचा मुख्य धोका लिहा

एका शेडमध्ये किमान पाच वेगळ्या परिस्थिती असतात, आणि त्या प्रत्येकीत कपड्याकडून वेगळी अपेक्षा असते.

माल उतरवण्याचे आवार आणि वजनकाटा येथे मुख्य धोका वाहनांचा आहे. येथे सर्वांत जास्त ठळकपणा हवा, आणि पावसाळ्यात तो रेनकोटवरही हवा.

तोडणीच्या टेबलांवर वाहन नसेल, तर भडक जाकिटापेक्षा पूर्ण बाह्यांचा, धूळ न धरणारा आणि पत्र्याच्या कडांपासून वाचवणारा पोशाख महत्त्वाचा. कामगार या विभागातून आवारात ये-जा करत असतील, तर त्यांच्या कामाच्या शर्टावरच परावर्तक पट्ट्या शिवून घेणे हा वरून जाकीट चढवण्यापेक्षा चांगला उपाय आहे.

पिक्चर ट्यूब फोडण्याच्या किंवा कापण्याच्या कक्षात, माझ्या मते, सुटे जाकीट नकोच. ट्यूबच्या मागच्या निमुळत्या भागाच्या काचेत शिशाचे प्रमाण मोठे असते आणि समोरच्या पडद्याच्या काचेला आतून फॉस्फरचा (चमकणाऱ्या भुकटीचा) थर असतो. ही धूळ जाकिटाच्या खिशांत, जाळीत आणि वेल्क्रोमध्ये बसते. येथे धूळरोधक कव्हरऑल (अंगभर एकसंध पोशाख), योग्य मास्क आणि हातमोजे ही मुख्य गरज आहे. कक्षात फोर्कलिफ्ट येणारच नाही अशी व्यवस्था केली की ठळकपणाची गरज आपोआप कमी होते.

श्रेडर आणि कन्व्हेयर येथे धोका ओढले जाण्याचा असतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातील कलम २२ मध्ये, चालू यंत्राजवळ तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे सांगितले होते. बाजारात मिळणारे सैल, बाजूंना नाड्या असलेले जाकीट या कसोटीला मुळीच उतरत नाही.

बॅटऱ्यांची साठवण आणि छाननी येथे आगीचा धोका असतो. लिथियम बॅटरी दबली, वाकली किंवा तिला भोक पडले की ती क्षणात पेट घेऊ शकते. स्वस्त जाकिटे पॉलिएस्टरची असतात. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. प्रिंटरच्या कार्ट्रिजमधील टोनरची भुकटीही ज्वलनशील आहे आणि स्थिर विजेच्या ठिणगीने पेटू शकते, म्हणून तो विभागही येथेच धरावा.

तपासून पाहा : प्रत्येक विभागासमोर ‘वाहन’, ‘ओढले जाणे’, ‘आग’, ‘विषारी धूळ’, ‘कापणे’ यांपैकी लागू असलेले धोके लिहिलेत का? एखाद्या ओळीत ‘सर्व’ असे लिहिले गेले असेल, तर पाहणी वरवरची झाली आहे.

टप्पा ३ : ठळकपणाचा वर्ग ठरवा

ठळक दिसणाऱ्या कपड्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २०४७१ आणि भारतीय मानक आयएस १५८०९ आहे. आयएसओ मानकात तीन वर्ग असून ते कपड्यावर किती फ्लुरोसंट कापड आणि किती परावर्तक पट्टी आहे यावर ठरतात. पहिल्या वर्गासाठी किमान ०.१४ चौरस मीटर कापड व ०.१० चौरस मीटर पट्टी, दुसऱ्यासाठी ०.५० व ०.१३, आणि तिसऱ्यासाठी ०.८० व ०.२० चौरस मीटर लागते. पट्टीची रुंदी किमान ५ सेंटिमीटर असावी लागते.

हे आकडे खरेदी करणाऱ्याला अवघड वाटतात आणि म्हणून तो विक्रेत्याच्या शब्दावर विसंबतो. प्रत्यक्षात शिंप्याची टेप पुरेशी आहे. पट्टी ५ सेंटिमीटर रुंद असेल, तर पहिल्या वर्गासाठी ती एकूण २ मीटर, दुसऱ्यासाठी २ मीटर ६० सेंटिमीटर आणि तिसऱ्यासाठी ४ मीटर लांब भरली पाहिजे. टेबलावर जाकीट पसरून सर्व पट्ट्यांची लांबी मोजा आणि बेरीज करा. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या लावलेली जाकिटे बाजारात सर्रास विकली जातात. ती दिसायला तशीच असतात, मात्र कोणत्याही वर्गात बसत नाहीत.

आवार, वजनकाटा आणि फोर्कलिफ्टच्या वाटांवरील कामासाठी दुसरा वर्ग किमान समजावा. रात्री ट्रक भरणारे-उतरवणारे, तसेच ट्रक मागे घेताना दिशा दाखवणारे यांच्यासाठी तिसरा वर्ग घ्यावा. तिसऱ्या वर्गात केवळ बिनबाह्यांचे जाकीट बसत नाही. धडाबरोबर बाह्यांवर किंवा पायांवरही ठळक भाग असावा लागतो. हालणारे हात-पाय दिसले की चालकाला समोर खांब नसून माणूस आहे हे लवकर उमगते, आणि त्यातच या वर्गाचा खरा उपयोग आहे. पहिला वर्ग वाहन नसलेल्या भागात पाहुण्यांपुरता ठीक आहे.

इशारा : आयएसओ २०४७१ चे लेबल म्हणजे आगीपासून, आम्लापासून किंवा कापण्यापासून संरक्षण नव्हे. ते मानक फक्त दिसण्यापुरते आहे. ज्वालारोधक कपड्यासाठी आयएसओ ११६१२ किंवा आयएसओ १४११६ हा उल्लेख वेगळा असावा लागतो, आणि आगीचा धोका असलेल्या विभागात तो तसा असल्याशिवाय जाकीट स्वीकारू नये.

टप्पा ४ : रंग शेडच्या पार्श्वभूमीवर ठरवा

मानकात फ्लुरोसंट पिवळा, नारिंगी-लाल आणि लाल असे तीनच रंग आहेत. यांतला अमुक रंग सर्वत्र उत्तम असे म्हणता येत नाही. फोर्कलिफ्ट पिवळी, कठडे पिवळे आणि जमिनीवरचे पट्टेही पिवळे अशा शेडमध्ये पिवळे जाकीट हरवून जाते. तिथे नारिंगी घ्यावे. उलट, नारिंगी क्रेट आणि नारिंगी ताडपत्र्यांच्या ढिगापुढे पिवळेच उठून दिसते. मळखाऊ म्हणून गडद निळ्या कापडावर रेडियम पट्ट्या शिवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. असा पोशाख दिवसा ठळक दिसत नाही, कारण दिवसाचे काम पट्टी नव्हे तर फ्लुरोसंट कापड करते.

येथे दिव्यांचा विचार केलाच पाहिजे. फ्लुरोसंट कापड अतिनील व निळ्या प्रकाशावर उजळते. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांत हा प्रकाश अत्यल्प असतो, त्यामुळे त्यांच्याखाली कापडाची झळाळी बरीच उतरते. परावर्तक पट्टीची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून दिवा पाहणाऱ्याच्या डोळ्याजवळ असेल तरच ती चमकते. फोर्कलिफ्टचे पुढचे दिवे बंद ठेवून शेडमध्ये फिरणाऱ्या चालकासाठी छतावर कितीही दिवे असले तरी पट्टी ही केवळ करडी फीत असते. जाकिटांवर खर्च करण्याआधी फोर्कलिफ्टचे पुढचे आणि मागचे दिवे दुरुस्त करून घ्या, आणि ते पाळीभर चालू राहतील असा नियम लावा.

टप्पा ५ : कापड, बांधणी आणि कपड्याचा आकार

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात.

कन्व्हेयर किंवा श्रेडरजवळ वावर असेल, तर जाकीट झटक्यासरशी सुटणारे असावे. खांदे, दोन्ही बाजू आणि पुढची बाजू वेल्क्रोने जोडलेली जाकिटे मिळतात; कापड अडकून ओढले गेले की ते अंगावरून निघून येते. चेनवाले जाकीट असे सुटत नाही. झुलणाऱ्या नाड्या, बाहेर लोंबणारे खिसे, गळ्यातील ओळखपत्राची फीत, पेन अडकवायचे बंद हे सर्व येथे वर्ज्य समजावे. ओळखपत्रासाठी छातीवर पारदर्शक कप्पा शिवून घ्यावा. श्रेडरच्या ऑपरेटरसाठी सर्वांत सुरक्षित पर्याय अंगाबरोबर बसणारा, मनगटाला आवळलेला फ्लुरोसंट शर्ट हाच आहे, कारण त्यात सुटे असे काही राहत नाही. वेल्क्रोमध्ये तांब्याच्या तारांचे तुकडे आणि धूळ अडकते व काही काळाने ते धरेनासे होते, म्हणून सुटणारी जाकिटे घेतल्यास ब्रशने वेल्क्रो साफ करण्याचे काम नेमून द्यावे. हे ब्रशिंग ओल्या ब्रशाने करावे.

बॅटरी विभागात ज्वालारोधक सुती किंवा त्या प्रतीचे कापड घ्यावे आणि आतले कपडेही सुती असावेत. वर महागडे ज्वालारोधक जाकीट आणि आत नायलॉनचा टी-शर्ट असेल, तर आतले कापड उष्णतेने वितळू शकते. टोनरच्या विभागासाठी स्थिर वीज साठू न देणारे कापड मागावे. युरोपीय मानक ईएन ११४९-५ चा उल्लेख लेबलावर असतो.

जाळीच्या जाकिटांचा प्रश्न उन्हाळ्यात येतो. नागपूर-बुटीबोरीकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली बंद कापडाचे जाकीट सहन होत नाही, हे खरे आहे आणि त्याकडे दुर्लक्ष केले तर कामगार ते काढूनच ठेवतात. आवारात जाळीचे जाकीट चालेल, मात्र जाळीच्या छिद्रांमुळे फ्लुरोसंट कापड कमी होते, म्हणून वर्ग लेबलावर पडताळून घ्यावा. तोडणी आणि श्रेडरच्या बाजूला जाळी नको. तिथे धूळ आरपार आतल्या कपड्यांवर जाते. हलक्या वजनाचा फ्लुरोसंट शर्ट, शर्टावर शर्ट नाही, आणि पंखे लावताना धूळ माणसांकडे ढकलली जाणार नाही अशी त्यांची दिशा, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो.

तोडणीच्या कामात अनेक ठिकाणी स्त्रिया असतात आणि त्यांच्यासाठी कपड्यांचा वेगळा विचार केला जात नाही. साडीवर पुरुषी मापाचे जाकीट चढवले की पदर किंवा ओढणी बाहेर राहते, जाकीट खांद्यावरून घसरते आणि वाकल्यावर पुढे लोंबते. यंत्राजवळ आणि आवारात पँट-शर्ट किंवा सलवारीवर गुडघ्यापर्यंतचा बंद कोट द्यावा, ओढणी आतल्या आत बसेल असा गळा ठेवावा. हा बदल आदेशाने लादू नये. बायकांशी आधी बोलावे, दोन-तीन नमुने दाखवावेत आणि कपडे बदलण्यासाठी कडी असलेली स्वतंत्र खोली द्यावी. अशी खोली नसताना दिलेला पोशाख पिशवीतच राहतो.

पावसाळ्यासाठी रेनकोट स्वतःच फ्लुरोसंट आणि पट्ट्यांचा असावा. काळ्या रेनकोटाखाली घातलेले उत्तम जाकीट निरुपयोगी आहे. हीच गोष्ट आम्लाच्या कामातील ॲप्रनची आणि पाठीवरच्या पिशव्यांची.

टप्पा ६ : नमुने मागवा आणि शेडमध्ये वापरून पाहा

मोठी ऑर्डर देण्याआधी दोन-तीन विक्रेत्यांकडून प्रत्येकी दोन मापांचे नमुने घ्या आणि खालील क्रमाने तपासा.

१. टेपने पट्टीची रुंदी आणि एकूण लांबी मोजा. सर्वांत लहान मापाचे जाकीट मोजावे, कारण तूट तिथेच निघते.

२. जाकीट घातलेल्या माणसाभोवती फिरा. पट्टी कमरेभोवती अखंड गेली पाहिजे. अनेक स्वस्त जाकिटांत पट्ट्या फक्त पुढे-मागे असतात, काखेखाली नाडी किंवा इलॅस्टिक असते आणि बाजूने येणाऱ्या फोर्कलिफ्टला काहीच दिसत नाही.

३. संध्याकाळी शेडचे दिवे मंद करून सुमारे पंधरा पावलांवरून मोबाइलच्या फ्लॅशने फोटो काढा. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असल्यामुळे चालकाला दिवे लावून जे दिसेल त्याचा अंदाज येतो. त्यानंतर प्रत्यक्ष फोर्कलिफ्टवरून दिवे लावून पाहा.

४. कामगाराला वाकायला, उकिडवे बसायला आणि दोन्ही हात वर करायला सांगा. वाकल्यावर छातीवरची पट्टी झाकली जाते. खांद्यावरून गेलेली पट्टी तेव्हा कामी येते.

५. सुटणाऱ्या जाकिटाला खांदा, पाठ आणि बाजू अशा तिन्ही ठिकाणी झटका देऊन पाहा.

६. पाळीभर वापरायला द्या आणि कुठे टोचले, कुठे अडकले, किती घाम आला हे विचारा. हे विचारणे टाळले, तर त्याचे उत्तर पुढे खुंटीवर लटकलेल्या जाकिटांतून मिळते.

इशारा : फक्त दुकानात घालून पाहिलेले जाकीट निवडू नका. तिथले दिवे आणि तिथली भिंत तुमच्या शेडमध्ये नसते.

टप्पा ७ : लेबल पाहा आणि ऑर्डर लिहा

लेबलावर मानकाचा क्रमांक, वर्ग, माप, धुण्याच्या सूचना आणि असल्यास धुण्याची कमाल संख्या छापलेली असावी. आयएसआय चिन्ह असेल, तर त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा आहे का ते पाहा. लेबल नसलेले, किंवा पॅकिंगवर मानक छापलेले पण कपड्यावर काहीच नसलेले जाकीट परत करा.

ऑर्डरमध्ये ‘रेडियम जाकीट, पिवळे’ एवढेच लिहू नये. विभाग, वर्ग, रंग, कापड, बंद करण्याची पद्धत, पट्टीची रुंदी आणि मापे हे सर्व लिहावे. मापे छाती मोजून घ्यावीत. पाठीवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत छापण्याचा मोह अनेकांना होतो. छपाईखाली गेलेले फ्लुरोसंट कापड वर्गाच्या हिशेबातून वजा होते, आणि पट्टीवर तर काहीच छापू नये.

प्रत्येकी एकच जाकीट घेतले, तर ते कधीच धुतले जात नाही. एक अंगावर, एक धुण्यात आणि एक हाताशी, असे तीन संच धरावेत. पाहुणे आणि बाहेरचे चालक-क्लीनर यांच्यासाठी गेटवर वेगळा साठा ठेवावा. कपड्यांचे पैसे कामगाराच्या पगारातून कापू नयेत. ज्याच्या पगारातून जाकीट वजा होते तो फाटलेले जाकीटही बदलून मागत नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत या क्षेत्रातील कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि त्यांच्या सुरक्षा-आरोग्यावर दरवर्षी लक्ष ठेवण्याची जबाबदारी राज्याच्या कामगार विभागावर दिलेली आहे, तेव्हा वाटपाची सहीनिशी नोंद ठेवलेली बरी.

टप्पा ८ : काढणे, ठेवणे आणि धुणे

कपडे घरी जाता कामा नयेत. या एका नियमावर मी सर्वांत जास्त भर देतो. अमेरिकेत सिनसिनाटी येथे २०१० साली एक आणि दोन वर्षांच्या भावंडांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला १८ आणि १४ मायक्रोग्रॅम आढळले. त्यांचे वडील ई-कचरा केंद्रात पिक्चर ट्यूब फोडण्याचे काम करत होते आणि धूळ त्यांच्या अंगावरून घरात पोचत होती. शिशाची सुरक्षित अशी पातळी लहान मुलांसाठी मानली जात नाही. आपल्याकडे खोलीत सगळे एकत्र झोपतात, कपडे एकाच बादलीत भिजतात, आणि बापाच्या जाकिटाला बिलगणारे मूल प्रत्येक घरात असते.

म्हणून कपाटाचे दोन कप्पे ठेवावेत, एक घरच्या कपड्यांचा आणि एक कामाच्या कपड्यांचा, आणि दोन्हींमध्ये अंतर असावे. पाळी संपल्यावर क्रम असा ठेवावा : मास्क तोंडावर तसाच ठेवून जाकीट व वरचे कपडे काढणे, ते आतली बाजू बाहेर येईल असे गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकणे, त्यानंतर मास्क काढणे, मग हात-तोंड धुणे किंवा अंघोळ, आणि शेवटी घरचे कपडे. जेवणाच्या सुट्टीतही जाकीट काढून, हात धुऊनच डबा उघडावा.

इशारा : जाकीट झटकू नये आणि कंप्रेसरच्या हवेने साफ करू नये. खाली बसलेली धूळ त्यामुळे थेट श्वासात जाते.

धुणे केंद्रातच किंवा धुळीचे स्वरूप आधी लेखी कळवलेल्या लाँड्रीत करावे. साध्या कपड्यांबरोबर मिसळू नये, ब्लीच आणि सॉफ्टनर वापरू नये, पट्टीवर कडक ब्रश घासू नये, इस्त्री फिरवू नये. तापमान लेबलावर असेल तेवढेच. वाळवताना सावली पाहावी, कारण कडक उन्हात फ्लुरोसंट रंग लवकर उडतो. प्रत्येक धुण्यानंतर लेबलाजवळ पक्क्या शाईने एक रेघ मारली की कमाल संख्या केव्हा भरली हे वेगळी वही न ठेवता कळते.

टप्पा ९ : केव्हा बाद करायचे

नवी खेप आली की त्यातले एक जाकीट न वापरता काळ्या पिशवीत कपाटात ठेवून द्या. दर महिन्याला वापरातली जाकिटे या नमुन्याशेजारी दिवसाच्या उजेडात धरून रंग पाहा आणि अंधारात फ्लॅशने पट्टी पाहा. रोज डोळ्यांसमोर असलेला रंग किती उडाला हे नुसत्या नजरेने समजत नाही. रंग फिकट झालेला, पट्टीला भेगा पडलेल्या किंवा ती सोलवटलेली, तेल-ग्रीसचे डाग न निघणारे, वेल्क्रो न धरणारे किंवा धुण्याची संख्या भरलेले जाकीट त्याच दिवशी काढून घ्यावे. फाटलेल्या जाकिटाला सुईदोऱ्याने घट्ट शिवून परत वापरात आणू नये. सुटणाऱ्या जाकिटाचे वेल्क्रो शिवून टाकले, तर ते यंत्राजवळ सर्वांत धोकादायक कपडा बनते.

बाद झालेली जाकिटे पुसण्याचे फडके म्हणून वापरू नयेत आणि कोणाला देऊनही टाकू नयेत. श्रेडर, ट्यूब आणि बॅटरी विभागातील जाकिटे केंद्राच्या इतर घातक कचऱ्याबरोबर नोंद करून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील सामायिक प्रक्रिया केंद्राकडे पाठवावीत, आणि पाठवण्याआधी पाठीवरची पट्टी कात्रीने मधोमध कापावी, म्हणजे ती कोणाच्या अंगावर परत येणार नाहीत.